घरांत कोणतीं पुस्तकें असावीं?

(लालबाग, मुंबई येथें गांवकरी मंडळींच्या बैठकींत खेड्यांतील एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आजच्या बैठकीपुढें जो प्रश्न आहे तो पैशाचा आहे, म्हणून आडपडदा न ठेवतां प्रथम तोच सांगतों. लालबागेंत आपल्या गांवकीची एक खोली होती. एके काळीं तिच्यांत गिरणी कामगार पाळीपाळीनें निजत. एक पाळी कामावर गेली म्हणजे दुसरी आपल्या वळकट्या पसरी. ती चाळ पडली, तिच्या जागीं उंच इमारत उभी राहिली, आणि खोलीच्या हक्काचे चार पैसे मंडळींच्या हातीं आले. त्या पैशांतून गांवच्या देवळापुढें कमान बांधावी असें बहुतेकांच्या मनांत आहे. कांहीं तरुणांचें म्हणणें असें कीं, गांवांत पुस्तकांची एक पेटी करावी. त्या तरुणांनीं आम्हांस बोलावून घेतलें व सांगितलें, "गुरुजी, तुम्हांला वाचनाचें वेड आहे. कोणतीं पुस्तकें घ्यावीं आणि कां घ्यावीं, तें तुम्हीच मंडळींस सांगा."

आम्ही पंडित नव्हे, मराठी शाळेचे मास्तर आहों. वाचनाची खोड मात्र लहानपणापासूनची. एस. टी.च्या बाकावर, शाळेच्या ओटीवर, रात्रीं जेवणें झाल्यावर, जें हातीं पडलें तें वाचलें. तेव्हां पुढें जें सांगणार तें एका वाचणाऱ्या माणसाचें मत आहे, शास्त्र नव्हे. ज्यास पटणार नाहीं त्यानें उभें राहून तसें सांगावें. आम्हांस राग येणार नाहीं.

पुस्तकांकडे वळण्यापूर्वीं एक हकीकत सांगणें भाग आहे. आपल्याच वाडींतले एक काका आहेत. ते या बैठकींत नाहींत, आणि नांव आम्ही घेत नाहीं. तरुणपणीं ते गिरणींत मागखात्यांत होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांतले हजारों पुन्हां गिरणीच्या दारांत गेलेच नाहींत. काका त्यांपैकीं एक. गांवीं येऊन त्यांनीं थोडी वरकस जमीन आणि विहिरीजवळचा भाताचा तुकडा यांवर संसार केला. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक दलाल आला. सड्यावरचा तुकडा विकून टाका, पैसे रोख देतों, म्हणाला. कागद तयारच होता. काकांना सही करतां येते. त्यांनीं सही केली. कागद वाचला नाहीं. त्यांत सड्याबरोबर विहिरीजवळच्या तुकड्याचाही गट नंबर घातलेला होता. आज ज्या विहिरीवर त्यांच्या वडिलांनीं सुरुंग लावले, तिच्याभोंवतीं दुसऱ्याचें तारेचें कुंपण आहे.

आम्ही भेटावयास गेलों. भिंतीवर महात्मा जोतीराव फुल्यांची तसबीर, तिला ताजा हार, आणि तसबिरीखालीं फळीवर तांबड्या फडक्यांत गुंडाळलेलें एक पुस्तक. फडकें सोडून पाहिलें तों आंत 'शेतकऱ्याचा असूड'! दहा वर्षांपूर्वीं शाळेच्या समारंभांत आम्हींच तें त्यांस भेट दिलें होतें. पानें कोरीं करकरीत. फडक्यावर मात्र उदबत्तीची राख. ज्या पुस्तकांत अडाणी शेतकऱ्यास कागदांत कसें गुंतवितात हेंच सांगितलें आहे, त्या पुस्तकाला रोज ऊद दाखवून काका कागदांत गुंतले. निम्मी चूक त्यांची, निम्मी आमची. आम्हीं पुस्तक दिलें, पण त्यांच्या ओसरीवर बसून वाचून दाखविलें नाहीं.

मंडळी, ही हकीकत मनांत धरून पुढचें ऐका. आमची कसोटी तीन प्रश्नांची आहे. पुस्तक आपल्या कष्टाचा हिशेब समजावून देतें काय? आपल्याला झोंबेल असें खरेंही सांगतें काय? आणि ओसरीवर मोठ्यानें वाचलें तर घरांतल्या म्हाताऱ्या आईस कळेल काय? लिहिणारा कोणत्या जातीचा, हा प्रश्न आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेवला आहे.

पहिला मान 'शेतकऱ्याचा असूड' यास. सन १८८३ मध्यें जोतीरावांनीं तें लिहिलें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांस त्यांतला भाग वाचून दाखविला. मुंबईंत 'दीनबंधू' पत्र चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनीं पहिलीं दोन प्रकरणें छापलीं आणि पुढचीं छापावयाचें नाकारलें. हे लोखंडे कोण? सन १८८४ मध्यें गिरणी कामगारांची संघटना उभारणारे, ज्यांच्या खटपटीनें १० जून १८९० पासून कामगारांस रविवारची सुटी मिळाली ते. एवढा धीराचा माणूस, पण सरकारावर इतका कडक आसूड ओढणारा मजकूर छापण्यास तोही कचरला. खरें पुस्तक आपल्याच माणसांस आधीं जड जातें, हा धडा येथून घ्यावा.

कित्येकांची समजूत आहे कीं, या पुस्तकांत नुसत्या शिव्या आहेत. न वाचणाऱ्यांची ही समजूत. सावकार, कुळकर्णी, कोर्टकचेरी, जंगलखातें यांनीं कुणबी कसा नागवला जातो हें त्यांत आहेच. पण शेवटीं उपाय आहेत. ठिकठिकाणीं बांध घालून पाणी जमिनींत मुरवावें, तळींतलावांतला गाळ शेतकऱ्यास मिळावा, पाण्याचे झरे शोधून विहिरी कराव्या, चांगल्या जातीचीं जनावरें आणावीं, शेतकी प्रदर्शनें भरवून चांगल्या शेतकऱ्यास बक्षीस द्यावें, आणि सर्वांच्या आधीं शेतकऱ्याच्या मुलांस शाळा द्यावी. आज पाणी अडवा म्हणून सरकारी फलक लागतात. जोतीरावांनीं तें सव्वाशे वर्षांहून अधिक आधीं सांगितलें. दोष सांगावयाचा तर भाषा आतां जुनी वाटते, वाक्यें लांब आहेत. एकट्यानें वाचूं नये. एकानें वाचावें, एकानें अर्थ सांगावा, असें केलें म्हणजे पानें हलकीं होतात.

दुसरें जोतीरावांचेंच 'गुलामगिरी', सन १८७३ चें. अमेरिकेंतल्या ज्या लोकांनीं काळ्या गुलामांस मुक्त केलें, त्यांस हें पुस्तक अर्पण केलेलें आहे. पुण्यांतल्या माळ्याच्या मुलास समुद्रापलीकडच्या गुलामाचें दुःख आपलें वाटलें, एवढ्यासाठींच तें घरांत असावें. आतां आमचें खरें मत ऐका. अवतारकथांचे जे अर्थ त्यांत लाविले आहेत, शब्दांच्या ज्या व्युत्पत्ती काढल्या आहेत, त्या सगळ्या इतिहास म्हणून आज धरतां येणार नाहींत. हें बोललों म्हणून आमच्यावर कोणी रागावेल. पण ग्रंथांतलें आहे म्हणून डोळे मिटून मानावें, हेंच तर जोतीरावांस नको होतें. त्यांचें पुस्तक आपण पोथीप्रमाणें मानूं लागलों तर त्यांचा शिष्य म्हणवून घेण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं. त्यांतला प्रश्न घ्यावा: ही उच्चनीचता कोणीं केली, आणि तिच्यांत कोणाचें पोट भरतें?

तिसरें पुस्तक बायकांचें, आणि पुरुषांनीं आधीं वाचण्याचें. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें 'स्त्री-पुरुष तुलना', सन १८८२ चें. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेस बालहत्येच्या गुन्ह्यांत शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांवर चिखलफेक झाली, तेव्हां ताराबाईंनीं लेखणी उचलली. त्यावर आपल्याच चळवळींतल्या कांहींनीं तोंड वाकडें केलें. जोतीरावांनीं बाईंची बाजू घेतली. पुढें हें पुस्तक जवळजवळ नाहींसें झालें. सन १९७५ मध्यें स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां छापून उजेडांत आणलें. म्हणजे नव्वदाहून अधिक वर्षें तें झांकून राहिलें. हें कोणा एका जातीचें पाप म्हणतां येणार नाहीं, सगळ्याच पुरुषांचें आहे.

आमच्या शाळेच्या ओटीवर एकदां एका सुनेनें यांतलीं कांहीं पानें वाचलीं. पहिल्या पानाला पुरुषमंडळी हंसली, दुसऱ्याला खोकूं लागली, तिसऱ्याला चौघे तंबाखू मळण्यास बाहेर गेले ते परत आलेच नाहींत. बायका मात्र हालल्या नाहींत. एक आजी म्हणाली, "बाई, हें आमच्या मनांतलं हिला कुणी सांगितलं?" आमच्या तिसऱ्या कसोटीस उतरलेलें असें दुसरें पुस्तक क्वचितच असेल. दोष एवढाच कीं बाई रागाच्या भरांत एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी घेतात. पण ज्याचा पाय चुलींत भाजला आहे त्यानें ओळीनें रडावें, असें आम्ही कां म्हणावें?

आतां सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट अशा कारागीर घरांसाठीं एक पुस्तक सांगतों. त्रिंबक नारायण आत्रे यांचें 'गांवगाडा', सन १९१५ चें. आत्रे सरकारी महसूल खात्यांतले. गांवच्या पाटीलकुळकर्ण्यापासून बारा बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते यांपर्यंत कोणाचें काम काय, खळ्यावर कोणाचा हक्क काय, हें त्यांनीं बारकाईनें लिहून ठेविलें. तुमच्या आजोबांस खळ्यावर किती पेंढ्या मिळत, हें तुमच्या घरांत कोणास ठाऊक नसेल. त्या पुस्तकांत सांपडेल. म्हणून ठेवावें. परंतु सूर असा कीं, यांतल्या पुष्कळांचें काम आतां उरलें नाहीं आणि कुणब्याच्या खांद्यावर हें ओझें फुकट आहे. तें अर्धें खरें आहे. सुगींत सुतारानें नेलेल्या पेंढ्या दिसतात. पेरणीच्या आदल्या रात्रीं मोडलेला नांगर दिव्यापुढें बसून त्यानें सांधला, त्या रात्री मोजावयास कचेरींतला माणूस बसलेला नसतो. कुणबी आणि कारागीर यांनीं एकमेकांस ओझें म्हणावें आणि दोघांच्याही डोक्यावर बसलेला तिसरा विसरून जावा, हें आपल्यांत अजूनही चालतें. पुस्तक वाचावें, आणि समासांत आपलें उत्तर लिहावें.

चौथा विचार कादंबऱ्यांचा. कादंबरी म्हणजे वेळ फुकट, असें आमचे वडील म्हणत. आमचा अनुभव निराळा आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', सन १९५५ ची. औंध संस्थानांतल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, पोरें जमवितो, तालीम बांधवितो, आणि शेवटीं दुष्काळ येऊन वाडी ओस पडते. मास्तर म्हणून सांगतों, शाळेची नोकरी म्हणजे काय हें आम्हांस शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांहून या लहानशा पुस्तकानें अधिक शिकविलें. एक शब्द जास्त नाहीं. तरी एक गोष्ट मनांत सलते. बनगरवाडींतला दुष्काळ आभाळांतून येतो. असूडांतला दुष्काळ आभाळांतून निघून कचेरीवरून येतो. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं म्हणजे पावसानें किती मारलें आणि माणसानें किती, हें कळतें.

'फकिरा' तर या वस्तीचेंच म्हटलें पाहिजे. वाटेगांवचा मांगाचा पोर, शाळेंत जेमतेम गेलेला, बापाबरोबर पायीं मुंबईस आला, गिरणींत राबला, माटुंग्याच्या लेबर कँपांत चळवळींत शिरला, तो अण्णा भाऊ साठे. सन १९५९ मध्यें 'फकिरा' निघाली, १९६१ सालीं तिला राज्य सरकारचें पारितोषिक मिळालें. अण्णा भाऊंनीं ती बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली आहे. दुष्काळांत माणसें उपाशीं मरत असतां गोऱ्या सरकारचा खजिना लुटून गोरगरिबांस वांटणारा तो फकिरा. आमचें मत विचाराल तर नायक फार निर्मळ रंगविला आहे. कोठें चुकत नाहीं, कोठें भीत नाहीं. माणूस तसा नसतो. पण ज्या जातींचीं नांवें सरकारनें जन्मतःच गुन्हेगार म्हणून वहींत घातलीं होतीं, त्यांच्या पोरांस एकदां तरी निर्मळ नायक पाहावयास मिळूं द्या. गोष्ट घोड्यासारखी धांवते. आमच्या सातवीच्या वर्गांत घंटा झाली तरी मुलें उठत नाहींत.

कविता म्हटल्या कीं मंडळी कंटाळतात. नारायण सुर्व्यांचें 'माझे विद्यापीठ', सन १९६६ चें, हातीं घ्या म्हणजे कंटाळा जाईल. गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणी कामगारानें टाकलेलें तान्हें मूल उचलून आपलें नांव देऊन वाढविलें. तें मूल पुढें शाळेंत शिपाई झालें, मग शिक्षक झालें, मग एवढा कवि. जुन्या मंडळींची तक्रार अशी कीं यास चाल लागत नाहीं. खरें आहे, तालावर म्हणतां येत नाहीं. पण परळच्या नाक्यावर माणूस जसा बोलतो तसें तें बोलतें, आणि मोठ्यानें वाचलें तर गिरणीचा भोंगा न ऐकलेल्या पोरासही तो ऐकूं येतो. त्याच्या शेजारीं खानदेशच्या बहिणाबाई चौधरींचीं गाणीं ठेवा. अक्षर न येणारी शेतकरीण. ती ३ डिसेंबर १९५१ रोजीं वारली आणि पुढच्या वर्षीं गाणीं पुस्तकरूपानें आलीं. पोरानें तीं उतरून ठेवलीं म्हणून वांचलीं. आपल्या घरांतल्या किती आजींचीं गाणीं चितेवर गेलीं, याचा हिशेब कोण देणार?

आतां तो शेवटीं ठेविलेला प्रश्न. आपल्यांतले कांहीं म्हणतात, ब्राह्मणाचें पुस्तक घरांत नको. आम्हांस हें मान्य नाहीं. साने गुरुजींची 'श्यामची आई' आम्ही वर्गांत वाचतों, पोरें रडतात, आम्हीही रडतों. तें रडणें खरें आहे. पण आम्ही कोंकणांतले, कुळांच्या घरचे. श्यामचें घराणें खोताचें होतें, पुढें कर्जानें बुडालें. बुडालेल्या खोताच्या घरची आई रडते तें आम्हांस कळतें. परंतु पुस्तक मिटल्यावर मनांत येतें कीं, त्या खोताच्या कुळाच्या झोंपडींतही एक आई असेलच, तिचें पुस्तक कोठें आहे? खोती म्हणजे काय हें आपल्या वाडवडिलांस सांगावयास नको. ती मोडण्यासाठीं बाबासाहेबांनीं १७ सप्टेंबर १९३७ रोजीं कायदेमंडळांत बिल मांडलें होतें.

त्या दुसऱ्या आईचें पुस्तक फार उशिरां आलें, पण आलें. ऊर्मिला पवार यांचें 'आयदान', सन २००३ चें. रत्नागिरीजवळच्या खेड्यांतली आई बांबूच्या पाट्या, सुपें विणते. मास्तर असलेला नवरा वारल्यावर तीं आयदानें विकून मुलांस शिकविते. कारागीर घरांतल्या माणसानें हें पुस्तक वाचावें आणि स्वतःच्या आईचे हात आठवावे. यांतही झोंबणारें पुष्कळ आहे. चळवळींतले पुरुष सभेंत समता सांगतात आणि घरीं काय करतात, हें बाईंनीं लपविलेलें नाहीं. म्हणून म्हणतों, 'श्यामची आई' काढून टाकूं नका. तिच्या शेजारीं 'आयदान' ठेवा. एका फळीवर दोन आया बसल्या म्हणजे पोरांस आपोआप प्रश्न पडतील.

शिवाजीमहाराजांवर कोणतें घ्यावें, असें पुष्कळ विचारतात. जाड हवें त्यानें कृष्णराव अर्जुन केळुसकरांचें चरित्र घ्यावें. शंभर वर्षांपूर्वींच्या मराठींत आहे, सावकाश वाचावें लागतें, पण मेहनत प्रामाणिक आहे. लहान हवें त्यानें गोविंद पानसरे यांचें 'शिवाजी कोण होता?' घ्यावें, सन १९८८ चें, मूळ भाषणावरून केलेलें. महाराज रयतेचे कसे होते, शेतकऱ्याच्या भाजीच्या देंठासही धक्का लावूं नये असें सैन्यास कसें बजावीत, हें एका बैठकींत कळतें. त्याच्या लाखांनीं प्रती खपल्या. पानसऱ्यांवर कोल्हापुरांत १६ फेब्रुवारी २०१५ रोजीं गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनीं ते वारले. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, लेखणी धरणाऱ्या म्हाताऱ्यास जेथें गोळी खावी लागते, तेथें पुस्तक ही किरकोळ चीज नव्हे.

केळुसकरांचें नांव निघालें म्हणून याच मुंबईंतली गोष्ट सांगतों. केळूस गांवचा हा ब्राह्मणेतर माणूस गिरगांवांत विल्सन हायस्कुलांत मास्तर होता. सायंकाळीं तो चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसे. तेथेंच एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन बसलेला त्यास दिसे. चौकशी केली, ओळख झाली. तो परळचा भीमराव आंबेडकर. १९०७ सालीं भीमराव मॅट्रिक झाला तेव्हां सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखालीं अभिनंदनाची सभा भरली, आणि केळुसकरांनीं त्यास स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र भेट दिलें. पुढें सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ति मिळवून देण्यांतही केळुसकरांनीं खटपट केली. त्यानंतर ४९ वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास काय झालें तें जगास ठाऊक आहे. एका पुस्तकानें हें सारें घडलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या भेटीचें महत्त्व खुद्द बाबासाहेबांनींच लिहून ठेविलें आहे. पुढें याच माणसानें परळच्या चाळींतून उठून दादरास हिंदू कॉलनींत 'राजगृह' बांधलें, तें ग्रंथ ठेवण्यासाठीं बांधलें.

आम्ही विचार करतों, केळुसकर मास्तर आणि आम्हीही मास्तर. त्यांनीं पुस्तक दिलें, आम्हींही दिलें. फरक कोठें पडला? त्यांनीं आधीं मुलाशीं ओळख केली, तो काय वाचतो हें पाहिलें, मग पुस्तक दिलें. आम्हीं हार घातला, टाळ्या वाजविल्या, पुस्तक हातांत ठेविलें आणि घरीं गेलों.

नको तीं पुस्तकेंही सांगितलीं पाहिजेत. दादर स्टेशनाबाहेर फूटपाथावर पाहा. महिन्यांत श्रीमंत व्हा, अमक्या व्रतानें कर्ज फिटेल, तमक्या खड्यानें साडेसाती टळेल, अशीं चकचकीत पुस्तकें ढिगानें असतात. कर्ज फेडण्याचा उपाय पोथींत असता तर पोथी विकणारा फूटपाथावर उन्हांत कां बसला असता? गरिबाच्या भीतीवर आणि हांवेवर जो छापखाना चालतो त्यास आपला पैसा देऊं नका.

चांगलीं पुस्तकें महाग असतात, ही सबबही आम्हीं ऐकली. दर वर्षीं ६ डिसेंबरला दादरास चैत्यभूमीवर लाखों माणसें येतात. शिवाजी पार्काच्या मैदानावर पुस्तकांचीं दुकानें लागतात. अंगावर एकच लुगडें असलेली म्हातारी पदराची गांठ सोडून नातवासाठीं पुस्तक घेते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. तिच्यापुढें आपण कोणत्या तोंडानें महागाई सांगावी? याच परळांत सोशल सर्व्हिस लीगनें, सन १९११ मध्यें स्थापन झाल्यावर, गिरणी कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा आणि वाचनालयें चालविलीं. बारा तास साच्यापुढें उभे राहिलेले लोक रात्रीं अक्षरें गिरवीत. त्यांचींच आपण नातवंडें.

तेव्हां मंडळी, आमची सूचना अशी. कमान नको असें आम्ही म्हणत नाहीं. कमान पुढच्या वर्षींही होईल, देव कोठें जात नाहीं. पण शाळेंतून जें पोर या वर्षीं बाहेर पडेल तें पुढच्या वर्षीं परत येत नाहीं. म्हणून आधीं पेटी करावी. पेटीस कुलूप नसावें. वही असावी, नेणाऱ्यानें नांव लिहावें. पुस्तक फाटलें तर दंड नको. फाटलेलें पुस्तक म्हणजे वाचलेलें पुस्तक. कोरें परत आलें तर मात्र विचारावें. पेटींत आणखी एक जाड फाइल असावी: सातबारा कसा वाचावा, फेरफार म्हणजे काय, खरेदीखतावर सही करण्यापूर्वीं काय पाहावें, यांचे नमुने. तेंही वाचनच आहे, आणि काकांच्या विहिरीकडे पाहिल्यावर तें पहिलें वाचन आहे असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

दर शनिवारीं रात्रीं एका घरच्या ओसरीवर आम्ही वाचूं. घरधन्यानें घोंगडें अंथरावें, चहाची खटपट करूं नये. पहिली ओसरी आम्हीं ठरविली आहे. काकांना विचारलें, ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "या गुरुजी. फडकं मी काढून ठेवतो." त्या तांबड्या फडक्यांतूनच आम्ही असूड काढणार आहों.

आपण कमानीस हात वर करा कीं पेटीस, तें आपल्या मर्जीवर. आम्ही शनिवारच्या रात्रीं तेथें असूं.

सत्यमेव जयते.